डोळ्यातील भिंग आणि रात्रीची झोप

कॉन्टॅक्ट लेन्स ही आता आपल्या कॉलेजातील मुलामुलींना नवलाची वस्तू राहिलेली नाही. घरात लग्नाची बोलणी सुरू झाली की चष्मा उतरतो आणि लेन्स येते. दुकानात किंमत विचारली जाते, रंगही विचारला जातो. ती रात्री काढावयाची की नाही, हे मात्र क्वचितच विचारले जाते. या साध्या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१८८८ साली झुरिचचे डॉ. आडोल्फ फिक यांनी काचेची भिंगे प्रथम सशांच्या, मग स्वतःच्या व काही रुग्णांच्या डोळ्यांत बसवून पाहिली. ती काही तासांपलीकडे सोसत नसत. पुढल्याच वर्षी जर्मनीच्या ऑगस्ट म्युलर यांनी आपल्या अधू नजरेसाठी केलेली भिंगे त्यांना अर्धा तास ठेवणेही जड गेले. तेव्हा ती घालून झोपण्याचा प्रश्नच नव्हता. डोळाच मनाई करीत होता.

ही मनाई उठली ती प्रागमध्ये. १९६१ च्या नाताळात रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांनी मुलांच्या खेळण्यातील सुटे भाग व सायकलचा डायनामो जोडून घरीच यंत्र उभारले आणि पाणी शोषणाऱ्या मऊ प्लॅस्टिकची भिंगे घडविली. १९७१ साली अमेरिकेत अशा लेन्सच्या विक्रीस परवानगी मिळाली. लेन्स इतकी मऊ की डोळ्यात आहे याचाच विसर पडावा! १९८१ मध्ये तेथील औषध प्रशासनाने काही लेन्स सलग ३० दिवस, झोपेतही, ठेवण्यास मंजुरी दिली.

आठ वर्षांनी हिशेब समोर आला. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मऊ लेन्स केवळ दिवसा वापरणाऱ्या दहा हजारांपैकी वर्षाला सुमारे ४ जणांच्या बुबुळावर जंतुबाधेने व्रण झाला. रात्रीही वापरावयाची लेन्स घेणाऱ्यांत हाच आकडा सुमारे २१ होता. त्याच वर्षी ३० दिवसांची मुदत ७ दिवसांवर आली.

असे का व्हावे? बुबुळावरील पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. पापणी मिटली की हा पुरवठा सुमारे एक तृतीयांशावर येतो, आणि त्यातून मध्ये लेन्स! शिवाय झोपेत उघडझाप थांबते, अश्रूंची धुलाई मंदावते आणि जंतूंना लेन्सखाली निवांत जागा मिळते.

१९९९ च्या सुमारास भरपूर प्राणवायू जाऊ देणाऱ्या सिलिकॉनयुक्त लेन्स आल्या. आता प्रश्न सुटला, असे पुष्कळांना वाटले. परंतु २००८ साली ऑस्ट्रेलियातील पाहणीत, त्या घालून झोपणाऱ्यांतही दहा हजारांमागे सुमारे २५ जण आढळले. माझ्या मते साऱ्या इतिहासात हीच गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे: प्राणवायूची तूट भरून निघाली, जंतुबाधा मात्र हटली नाही. दुपारची डुलकी आणि रातराणीतील झोप याच हिशेबात धरावी.

विद्यार्थी मित्रांनो, डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागले, तर लेन्स तत्काळ काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. स्युडोमोनास नावाचा जंतू एक-दोन दिवसांत पडद्याची नासाडी करू शकतो. पुढे डोळ्यात फूल पडते, ते जन्मभराचे. घरात उरलेले थेंब घालू नका. आणि लेन्स व तिची डबी फेकू नका, बरोबर न्या; कोणता जंतू शिरला याचा माग त्यांवरून लागू शकतो.