परमुलखातील पहिले दिवस

आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार फार थोडा आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांतून मुलांना इतिहास शिकविण्यात आयुष्य वेचलेला एक सामान्य शिक्षक. समुद्र मी एकदाच पाहिला, तोही मुंबईच्या किनाऱ्यावर उभा राहून. तथापि इतिहासातील एक धडा मी वर्षानुवर्षे शिकविला आणि तो अर्धाच शिकविला, ही गोष्ट निवृत्त झाल्यावर माझ्याच एका विद्यार्थ्यामुळे माझ्या ध्यानात आली. त्या चुकीची दुरुस्ती करावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

तो धडा म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे चरित्र. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मातृत्व, अवघ्या दहा दिवसांचे मूल दगावले, आणि त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय झाला, हे आपण सर्व जाणता. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले आणि ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. पती गोपाळराव मागे राहिलेले. एवढे सांगून मी वर्गात जी उडी मारीत असे, ती थेट ११ मार्च १८८६ या दिवसावर, म्हणजे त्यांच्या पदवीदान समारंभावर. मधले दिवस मी गाळीत असे. खरा धडा त्या गाळलेल्या पानांतच होता.

न्यूयॉर्कला त्यांना उतरवून घेतले ते थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी. या बाईंनी एका मिशनरी मासिकात जोशी दांपत्याविषयी वाचले आणि आपण होऊन पत्र धाडले. तेव्हापासून तोंडओळख नसता केवळ पत्रांतून मावशी-भाचीचे नाते जुळले होते. न्यू जर्सीतील रोझेल या गावी त्यांच्या घरी आनंदीबाईंनी पहिला उन्हाळा काढला. घरात मुले होती, बोलावयास माणसे होती, काही अडले तर विचारावयास जागा होती. परक्या देशात पाय ठेवणाऱ्यास याहून मोठे भाग्य ते कोणते?

निघण्यापूर्वी फेब्रुवारी महिन्यात श्रीरामपूर येथे केलेल्या जाहीर भाषणात, आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, असे त्यांनी सांगितले होते. पण बोलणे निराळे आणि रोजचा दिवस रेटणे निराळे. काय धरावयाचे आणि काय सोडावयाचे, हे तेथे गेल्यावर एकेका गोष्टीपुरते ठरवावे लागले. शाकाहार त्यांनी सोडला नाही. परंतु नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात, ते त्या देशात असभ्य दिसते आणि थंडीतही सोसत नाही, हे पाहून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. साडी राहिली, नेसण्याची रीत बदलली. हा निर्णय त्यांना स्वतःच्याच बुद्धीने घ्यावा लागला. पतीस विचारून उत्तर यावे तो महिने लोटत.

पुढे शरद ऋतूत त्या फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या. १८५० साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी शिष्यवृत्ती दिली, ममताही दाखविली. पण राहावयास मिळालेल्या खोलीतील शेगडीचा धूर वर जाईना, खोलीतच कोंडे. शेगडी पेटवावी तर धूर, न पेटवावी तर कडाक्याची थंडी. कल्याणसारख्या उबदार गावच्या या मुलीने ते दोन्ही सोसले.

त्यांचा आजार त्या धुरानेच ओढवला, असे मी म्हणत नाही. क्षय हा जंतूंचा रोग आहे. तो जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली ओळखला आणि त्यावर चालणारे स्ट्रेप्टोमायसिन हाती येण्यास १९४३ साल उजाडावे लागले. पण थंडी, अपुरे अन्न आणि अतिश्रम यांनी शरीर खंगते, हे सांगावयास वैद्य नको. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला, तेव्हा बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. आणि मी वर्गात सांगे, "मुलांनो, सोसावयास शिका!"

याच्याशेजारी दुसरे चरित्र ठेवून पाहा. जुलै १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर, वय वर्षे बावीस, बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. उतरले ते हार्टली हॉल या वसतिगृहात. तेथील अन्न त्यांना मानवेना. आठवड्याभरातच त्यांनी ते स्थान सोडले आणि जेथे काही भारतीय विद्यार्थी राहत होते, त्या कॉस्मोपॉलिटन क्लबात बिऱ्हाड हलविले. तेथूनही पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणासोबत ते राहिले, आणि ती मैत्री जन्मभर टिकली. अशी जागा मिळाल्यावर जो अभ्यास झाला, तो सर्वश्रुत आहे. १९१५ साली ते एम. ए. झाले. ज्याने मायदेशी अपमानाचे डोंगर सोसले, त्याला सोसणे का ठाऊक नव्हते? पण जे न सोसता टाळता येते, ते टाळण्यात कमीपणा त्यांनी मानला नाही.

दोघांची तुलना करून आनंदीबाईंस उणे लेखणे हा अन्याय होईल. त्या स्त्री होत्या, एकट्या होत्या, आणि त्यांचे पाऊल कोठे चुकते याकडे सारा समाज टक लावून बसला होता. त्यांनी जरा तक्रार केली असती, तर "पाहा, बायकांस हे झेपावयाचे नव्हतेच," असे म्हणणारे थोडे का निघाले असते? धुरापेक्षा त्या वाक्याचे भय अधिक असले तर नवल नाही.

आता माझ्या विद्यार्थ्याची गोष्ट. पुसद तालुक्यातील कापूस पिकविणाऱ्या घरचा हा मुलगा काही वर्षांपूर्वी शिक्षणासाठी जर्मनीस गेला. त्याच्या गावातून परदेशी जाणारा तो पहिलाच. वडिलांनी कर्ज काढलेले. ऑक्टोबर महिना होता. दर रविवारी तो मोबाईलवर दिसे, नेहमी अंगात जाड कोट. मी विनोदाने म्हणे, "साहेब झालास रे!" तो हसे. मागाहून कळले, खोली तापविण्याचे यंत्र तीन आठवडे बंद होते. यवतमाळच्या वैशाखात वाढलेले ते शरीर! अखेर न्युमोनिया होऊन रुग्णालयात पडला, तेव्हा शेजारच्या विद्यार्थ्याने घरमालकास कळविले आणि यंत्र एका दिवसात दुरुस्त झाले. पोर सुदैवाने बरे झाले. "अरे, बोलला का नाहीस?" असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, आनंदीबाई कुठे बोलल्या होत्या?"

त्या उत्तराने मला रात्रभर झोप लागली नाही.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज परदेशी आहेत वा जाण्याच्या तयारीत आहेत. अशा मुलाच्या पाठीवर घराची, कर्जाची, कधी साऱ्या गावाची नजर असते आणि त्या नजरेखाली ते मुके होते. आपण विचारतो, "सर्व ठीक आहे ना?" या प्रश्नातच उत्तर दडलेले असते, मुलाने फक्त "हो" म्हणावयाचे. त्याऐवजी विचारावे, आज काय जेवलास? खोलीत ऊब आहे का? शेजारी कोण राहतो, त्याच्याशी बोललास का? आणि निघण्यापूर्वीच त्यास सांगून ठेवावे, की जागा बदललीस, अन्न बदललेस, मदत मागितलीस, तर घराण्याचे नाव जाणार नाही.

आनंदीबाईंचा धडा मला पुन्हा शिकवावयास मिळाला, तर रोझेलच्या त्या घरापासून सुरुवात करीन. पदवीदानाचा दिवस शेवटी येईलच. त्याआधी त्या धुराने भरलेल्या खोलीत मुलांना घटकाभर बसवीन आणि विचारीन, "मुलांनो, तुम्ही तेथे असता, तर ही गोष्ट कोणास सांगितली असती?"