रोल-प्लेइंग व्हिडिओ गेममधील आळीपाळीची लढाई : उगम व प्रभाव

प्रस्तावना :
रोल-प्लेइंग व्हिडिओ गेममध्ये खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेऊन कथेत वावरतो. अशा अनेक खेळांत लढाई आळीपाळीने चालते. एकाची चाल पूर्ण झाल्यावरच दुसऱ्याला संधी मिळते. ही पद्धत जुन्या संगणकांच्या मर्यादित क्षमतेतून जन्मली, असा एक समज आहे. प्रस्तुत लेखात हा समज इतिहासाच्या आधारे तपासला आहे.

उगम :
या पद्धतीचे मूळ संगणकपूर्व युद्धखेळांत आढळते. भारतीय चतुरंगापासून विकसित झालेल्या बुद्धिबळाचा पट विस्तारून जर्मनीत हेल्विग यांनी १७८० मध्ये युद्धखेळ रचला. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्याने राइसवित्झ यांचा ‘क्रीग्सश्पील’ स्वीकारला. त्यात प्रत्येक चाल रणांगणावरील दोन मिनिटांची मानली जाई, फाशांवरून हानी ठरे आणि पंच निवाडा देत असे. अमेरिकेत ‘चेनमेल’ (१९७१) या युद्धखेळाच्या पायावर गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) उभा राहिला. पलटणीची जागा एकेका पात्राने घेतली. चाल, फासे व पंच मात्र कायम राहिले.

संगणकावरील रूपांतर :
१९७५ च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ संगणकप्रणालीवर या खेळाची अनुकरणे झाली. ‘विझर्ड्री’ (१९८१) मध्ये खेळाडू सहा पात्रांना आधी आज्ञा देतो, मग फेरीचा निकाल लागतो. येथे पंचाचे काम संगणकाकडे आले. जपानमध्ये युजी होरी यांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) मध्ये ‘विझर्ड्री’ची लढाई आणि ‘अल्टिमा’चा वरून दिसणारा नकाशा यांचा मेळ घातला.

चिकित्सा :
सलग गतीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ मध्येच आला होता. म्हणजे यंत्राला गती अशक्य नव्हती. मोजक्या बटणांमुळे आज्ञांची यादी सोयीची ठरली, हे खरे; परंतु सोय म्हणजे उगम नव्हे. ‘फायनल फँटसी ४’ (१९९१) ने चालींमागे धावते घड्याळ लावले, तरी आज्ञा देण्याची रीत टिकली. ‘बाल्डर्स गेट’ (१९९८) मध्ये लढाई सलग चाले व हवी तेव्हा थांबविता येई. त्याच मालिकेचा तिसरा भाग (२०२३) मात्र प्रगत यंत्रांवरही आळीपाळीकडे वळला.

निष्कर्ष :
आळीपाळीची लढाई ही यंत्राची उणीव नसून युद्धखेळांचा वारसा आहे. विचारास अवधी देणे आणि निर्णयाला हस्तलाघवाहून अधिक मोल देणे, हे तिचे मर्म होय. तंत्रज्ञानाच्या इतिहासात केवळ यंत्राकडे पाहिल्यास परंपरेचे असे धागे नजरेआड होतात.