कोसबाडच्या टेकडीवरील विद्यापरिसर

विद्यापीठ हा शब्द उच्चारताच आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मुंबईचा राजाबाई टॉवर उभा राहतो. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली, आणि शेठ प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा हा मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. त्याचे आराखडे सर गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने विलायतेत बसून काढले. मुंबईची भूमी त्याने कधी पाहिली नाही. वास्तू भव्य आहे यात शंका नाही. तथापि विद्येचा परिसर याहून अगदी निराळ्या रीतीनेही उभा राहू शकतो. त्याचे उदाहरण आपल्या डहाणू तालुक्यातच, घोलवडनजीक कोसबाडच्या टेकडीवर आहे. त्याचा इतिहास आपल्या तरुण पिढीस ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

या इतिहासाचा उगम समुद्रकाठी बोर्डीस आहे. प्रा. त्र्यं. अ. कुलकर्णी यांनी १९१८ साली गोखले एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, आणि बोर्डीचे हायस्कूल १९२० पासून सुरू झाले. आचार्य शं. रा. भिसे यांच्यासारख्या व्रतस्थ शिक्षकांमुळे या आडगावाची कीर्ती दूरवर पसरली. येथेच १९४५ साली श्रीमती ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तेच वर्ष तलासरीकडील झरी गावी वारली बांधवांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केल्याचे होय. ज्या समाजाने त्या वर्षी मान वर केली, त्याच्या मुलांपर्यंत अक्षर कसे पोहोचावे, हा प्रश्न या दोघींपुढे होता.

शाळा उघडली म्हणजे मुले येतात, हा समज येथे टिकला नाही. पाड्यावरचे मूल एक तर धाकट्या भावंडाला सांभाळी, नाही तर गुरे घेऊन रानात जाई. तेव्हा ताराबाईंनी शाळाच पाड्यावर नेली. झोपडीपुढचे शेणाने सारवलेले अंगण हाच वर्ग ठरला, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्मास आला. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूस राहिली. बिया, शिंपले, पाने आणि खडे यांवर मुले गणती शिकू लागली. पुढे १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना हाती घेतली, तेव्हा हेच नाव भारतभर गेले.

केंद्र १९५७ साली बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आले. येथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात नांदू लागली. या योजनेस ‘विकासवाडी’ म्हणतात. धाकटे भावंड पाळणाघरात सुरक्षित राहिले की थोरली बहीण शेजारच्या वर्गात निश्चिंत बसे. इमारतींची ही मांडणी शोभेसाठी नव्हती. मुलांच्या नित्य अडचणीतून ती निघाली होती. जी मुले गुरांमागे जात, त्यांच्यासाठी ‘कुरणशाळा’ निघाली. आपल्या भागातील गवत एके काळी मुंबईच्या तबेल्यांना पुरवले जाई. ज्या कुरणांनी व्यापाऱ्यांस पैसा दिला, त्याच कुरणांत गुराख्याच्या पोरास विद्या मिळाली!

त्याच टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषिसंस्था वाढली. प्राचार्य जयंतराव पाटील यांनी तिच्या द्वारे आदिवासी शेतकऱ्यांस फळबागांकडे व सुधारलेल्या शेतीकडे वळवले. १९७६ साली तेथे कृषि विज्ञान केंद्र आले. येथे भूमी ही इमारतींभोवतीची रिकामी जागा राहिली नाही. ती स्वतःच प्रयोगशाळा आणि ग्रंथ झाली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या. त्यानंतर अनुताईंनी १९९२ साली देहावसान होईपर्यंत हे कार्य अखंड सांभाळले.

डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे, आणि डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. या भूमीचे मोल आता जगास कळू लागले आहे. ते येथील रहिवाशांनी आधी ओळखावयास हवे.

ज्ञातिबांधवहो, आपणही वसतिगृहे, सभागृहे व शाळाखोल्या यांसाठी उदार हस्ते देणग्या देतो, आणि कोनशिलेवरील नावांची चर्चा पुष्कळ करतो. परंतु जिच्यासाठी दार उघडावयाचे, ती मुलगी दिवसभर कोठे असते, हा प्रश्न पाया खणण्यापूर्वी आपण किती वेळा विचारतो? कोसबाडने तो आधी विचारला आणि भिंती मागाहून बांधल्या. आपल्या पुढील प्रत्येक बांधकामात हाच क्रम पाळला जावा, आणि या कार्यात पाड्यावरच्या मुलांसाठीही दार मोकळे असावे, एवढीच सर्व कुटुंबांस नम्र विनंती.