धोनी दिसला, पण बघितला कुणी? मैदानाबाहेरच्या माणसांची गोष्ट

आजचा एपिसोड खेळाडूवर नाहीये. आज आपण अशा माणसांबद्दल बोलणार आहोत जे खेळाडू शोधून काढतात. त्यांचा फोटो पेपरात येत नाही, ट्रॉफी उचलताना ते स्टेजवर नसतात. पण ते त्या दिवशी त्या मैदानावर गेले नसते, तर आपली भिंतीवरची पोस्टरं वेगळी असती.

आधी जरा अमेरिकेत जाऊन येऊ. तिथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये असिस्टंट कोचला दोन कामं असतात. एक म्हणजे पोरांना शिकवणं. दुसरं म्हणजे पोरं आणणं. प्रत्येकाला एक भाग वाटून दिलेला असतो. त्या भागातल्या शाळांचे सामने बघायचे, घरी जाऊन आईबापांशी बोलायचं, पोराला आपल्या कॉलेजात आणायचं. कुणाला कधी भेटता येईल याचेसुद्धा नियम असतात. म्हणजे तिथे शोधणं हीच नोकरी आहे.

आपल्याकडे काय होतं? बराच काळ उलटं होतं. पोरानं स्वतः चालत यायचं. पॉली उम्रीगर यांचंच बघा. जन्म 1926 चा, आपल्या सोलापूरचा. पण क्रिकेट घडलं मुंबईत. पुढे 59 कसोटी खेळले, भारताकडून कसोटीत पहिलं द्विशतक 1955 मध्ये त्यांनीच ठोकलं, नंतर निवड समितीचे अध्यक्षही झाले. सोलापूरला अभिमान आहेच, पण खरं बोलायचं तर त्यांना घडवायला मुंबई लागली.

आता येऊ 2002 मध्ये. मुंबईचे क्रिकेट पत्रकार मकरंद वायंगणकर यांच्या डोक्यातून एक योजना निघाली आणि बीसीसीआयनं ती उचलली. नाव होतं टॅलेंट रिसोर्स डेव्हलपमेंट विंग. प्रमुख होते दिलीप वेंगसरकर. 116 कसोटी खेळलेला, लॉर्ड्सवर तीन शतकं मारलेला माणूस. कल्पना एकदम साधी होती. निवृत्त खेळाडूंना देशभर पाठवायचं. त्यांनी छोट्या गावांतले, ज्युनियर लेव्हलचे सामने बसून बघायचे आणि रिपोर्ट लिहायचा. तो रिपोर्ट बेंगळुरूच्या राष्ट्रीय अकादमीकडे जायचा.

या अधिकाऱ्यांपैकी एक होते प्रकाश पोद्दार, बंगालचे माजी कर्णधार. त्यांचे जोडीदार राजू मुखर्जी, तेही बंगालचेच. 2003 मध्ये पोद्दार जमशेदपूरला झारखंडचा सामना बघत होते. एक लांब केसांचा विकेटकीपर चेंडू फार लांब मारत होता. पोद्दार यांच्या आठवणीनुसार त्यानं त्या दिवशी 35 धावा केल्या. फक्त 35!

इथे जरा थांबा. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे माझं डोकं लगेच फिल्टरकडे जातं. समजा तुम्ही देशभरच्या खेळाडूंची यादी बनवली आणि धावांचा फिल्टर लावला. 35 वाला पोरगा गेला. आता वयाचा फिल्टर लावा. ही योजना होती 19 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आणि हा होता 21 चा. पुन्हा गेला. दोन्ही फिल्टर बरोबर चाललेत, कुठे बग नाही. आणि तरी महेंद्रसिंग धोनी यादीतून बाहेर!

पोद्दारांनी रिपोर्टमध्ये उगाच कौतुक केलं नाही. ताकद जबरदस्त, दोन विकेटमधलं धावणं उत्तम, पण तंत्र कच्चं आणि कीपिंगवर काम हवं, असा त्याचा सूर होता. म्हणजे आज काय आहे आणि उद्या काय होऊ शकतं, हे वेगवेगळं लिहिलं. मग वेंगसरकरांनी वयाचा नियम बाजूला ठेवला. 2004 मध्ये धोनी भारत 'अ' संघातून झिम्बाब्वे-केनियाला गेला, डिसेंबरमध्ये भारताकडून पहिला वनडे खेळला, आणि एप्रिल 2005 मध्ये विशाखापट्टणमला पाकिस्तानविरुद्ध 148. पुढचं तुम्हाला पाठ आहे.

आणि ही योजना? काही वर्षांतच बंद पडली. शोधणाऱ्यांचं काम हे असंच असतं. निकाल यायला वेळ लागतो, आणि निकाल आला की श्रेय खेळाडूचं. पुढे आयपीएल आलं आणि संघांनी स्वतःचे स्काउट नेमले. 2013 मध्ये मुंबई इंडियन्सच्या जॉन राइट यांनी गुजरातकडून खेळणारा, विचित्र ॲक्शनचा एक बॉलर टिपला. तो बुमराह.

आता शेवटी आपल्या जिल्ह्यात या. किरण नवगिरे, माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची. आधी ॲथलीट, भालाफेक आणि गोळाफेक करणारी. पुण्यात विद्यापीठात असताना क्रिकेटकडे वळली. महाराष्ट्राच्या संघात जागा पक्की होईना, म्हणून पाहुणी खेळाडू म्हणून नागालँडकडे गेली. एप्रिल 2022 मध्ये अरुणाचलविरुद्ध 76 चेंडूंत नाबाद 162. टी-ट्वेंटीत दीडशेच्या पुढे जाणारी ती पहिली भारतीय.

पण इथे उलटा प्रश्न आला. समोरची बॉलिंग कच्ची होती, मग हे 162 खरे किती? स्कोअरकार्ड याचं उत्तर देत नाही. कुणीतरी तिला मोठ्या मैदानावर उभं करायला हवं होतं, आणि केलं. मे महिन्यात पुण्यात महिला टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये तिनं 25 चेंडूंत पन्नास ठोकले, एकूण 34 चेंडूंत 69. सप्टेंबरमध्ये ती भारताकडून खेळली. 2023 च्या लिलावात यूपी वॉरियर्झनं 30 लाखांना घेतलं.

त्या वर्षी गुजरातविरुद्ध ती बॅटिंगला आली तेव्हा बॅटवर हातानं लिहिलं होतं, एमएसडी 07. स्पॉन्सरचं स्टिकर नाही, धोनीचं नाव! म्हणजे जमशेदपूरला एका माणसानं जे बघितलं, ते वीस वर्षांनी मिरे गावच्या मुलीच्या बॅटपर्यंत पोचलं.

फक्त एक लक्षात घ्या. किरण भारताकडून खेळली तेव्हा 27 वर्षांची होती, तेही नागालँडमार्गे. तिला 19 व्या वर्षी कुणी बघितलं असतं तर? आज मोबाईलवर प्रत्येक मॅचचा स्कोअर मिळतो, व्हिडिओ मिळतो. पण अकलूजच्या, बार्शीच्या मैदानाच्या कडेला बसून, 35 धावांमागचा खेळाडू ओळखणारा माणूस ॲपमध्ये मिळत नाही. तो नेमावा लागतो, त्याला पगार द्यावा लागतो, आणि त्याचं ऐकावं लागतं.

तुमच्या गावात असा एखादा सर असेल, जो दर रविवारी पोरांची मॅच बघत उभा असतो, तर हा एपिसोड त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!