जुनी काया, नवे काळीज

सत्तर-ऐंशीच्या दशकांत रविवारची मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात एक ठरलेले दृश्य हमखास दिसे. घरातला कर्ता पुरुष स्कूटरजवळ येई, ती एका बाजूला कलती करी, क्षणभर तशीच धरून ठेवी आणि पुन्हा सरळ करून किकवर पाय देई. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल नीट उतरावे म्हणून हा विधी! धाकटा मुलगा पुढे हँडलपाशी उभा राहण्यासाठी आतुर असे, आई थोरल्याचा हात धरून बाजूला थांबलेली असे. दोन-चार किका वाया गेल्या की डिकीतून पाना निघे, प्लग बाहेर येई, पॉलिश पेपरने घासला जाई आणि मग कुठे निळसर धुराचा लोट सोडीत गाडी जागी होई. घरी पोहोचणार याविषयी कोणाच्या मनात शंका नसे. किती वाजता, याची मात्र खात्री नसे.

त्या स्कूटरी आज अनेक घरांच्या पडवीत, गोणपाटाखाली उभ्या आहेत. ज्याने ती हौसेने विकत घेतली तो देवाघरी गेला. नातवाला मात्र ती रस्त्यावर आणावीशी वाटते. मिस्त्रीला विचारावे तर तो सरळ सांगतो, "हे इंजिन आता पुरे झाले. नवे बसवा आणि निर्धास्त फिरा." येथेच प्रश्न उभा राहतो. काळीजच बदलले तर ती आजोबांची स्कूटर उरते काय? हा प्रश्न केवळ भावनेचा नव्हे. स्कूटरच्या इतिहासात त्याचे उत्तर दडलेले आहे, म्हणून तो इतिहास थोडक्यात पाहू.

विमानकर्त्याने घडविलेले वाहन

दुसऱ्या महायुद्धात इटलीतील पोंतेदेरा येथील पियाजिओ या विमान-कारखान्याची बॉम्बवर्षावाने धूळधाण झाली. युद्धानंतर विमाने बांधण्याचा मार्ग बंद झाला आणि हजारो हातांना काम हवे होते. एन्रिको पियाजिओ यांनी स्वस्त दुचाकीचे काम कोरादीनो दास्कानिओ या अभियंत्याकडे सोपविले. हा गृहस्थ हेलिकॉप्टरचा जाणकार. मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे. तिची साखळी कपडे मळवते, तिच्यावर टांग टाकून बसावे लागते, चाक पंक्चर झाले तर काढणे जिकिरीचे, हे त्याचे आक्षेप. त्याने ते एकेक करून दूर केले. पत्रा दाबून घडविलेली अंगचीच चौकट, पाय ठेवण्यास मोकळी जागा, विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरलेले पुढचे चाक, डाव्या मुठीत गिअर आणि मागच्या चाकाला खेटून बसविलेले इंजिन, अशी ती रचना होती. २३ एप्रिल १९४६ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज करण्यात आला. पहिल्या व्हेस्पाचे इंजिन ९८ सी.सी.चे, ताकद सुमारे ३ अश्वशक्ती. इटालियन भाषेत 'व्हेस्पा' म्हणजे गांधीलमाशी.

पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, मिलान शहराच्या लांब्राते भागातून फेर्दिनांदो इन्नोचेंती यांची लँब्रेटा बाहेर पडली. तिचा सांगाडा पत्र्याचा नसून पोलादी नळीचा होता.

आपल्या विषयाच्या दृष्टीने व्हेस्पाच्या रचनेतील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिच्यात साखळी नाही. इंजिन, क्लच, गिअर आणि मागचे चाक हा सारा एकच गोळा असून तो एका लांब आडव्या बोल्टावर आणि एका शॉकअॅब्सॉर्बरवर टांगलेला असतो. चार-दोन केबल आणि तारा सोडविल्या की जाणता मिस्त्री तासाभरात तो संपूर्ण गोळा खाली उतरवू शकतो. इंजिन बदलण्याची मुभा, जणू नकळत, दास्कानिओनेच आपल्या वारसांना देऊन ठेवली!

बिघाडाचे मूळ कोठे?

जुनी स्कूटर 'बेभरवशाची' असे आपण सर्रास म्हणतो. पण दोष नेमका कशाचा, हे पाहिल्याखेरीज इंजिनाला देशोधडीला लावणे अन्यायाचे होईल.

दोन स्ट्रोकच्या इंजिनाला वंगणासाठी वेगळी तेलाची टाकी नसते. तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. आरंभीच्या व्हेस्पांना हे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास लागे. पुढे रोटरी व्हॉल्वची बनावट आली आणि ते शेकडा दोनवर उतरले. पंपावरच्या माणसाने तेल जास्त ओतले तर प्लगवर काजळी धरे; कमी ओतले तर पिस्टन जाम होई. दुसरे दुखणे ठिणगीचे. जुन्या इंजिनांत ती 'पॉइंट' नावाच्या दोन लहान टोकांच्या उघडझापीतून निर्माण होते. ही टोके झिजतात, जळतात, त्यांतील अंतर अर्धा मिलिमीटरही नसते आणि ते किंचित चुकले तरी गाडी रुसते. त्यांच्या जोडीचा कंडेन्सर उष्णतेने निकामी होतो. तिसरे, क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी ऑइलसील. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत ती कडक होऊन चिरतात, हवा आत शिरते, पेट्रोल विरळ होते आणि इंजिन तापून बसते.

ही तिन्ही दुखणी बरी होण्यासारखी आहेत. सील आणि बेअरिंग नवी घालता येतात. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविता येते. असाध्य दुखणे एकच. रोटरी व्हॉल्वच्या इंजिनात क्रँकचे चाक आणि क्रँककेसची घासून गुळगुळीत केलेली लहानशी पट्टी यांच्यामध्ये केसाएवढी फट असते आणि तीच पेट्रोलचे दार उघडते व झाकते. एखादा लोखंडाचा कण तेथे अडकून ती पट्टी ओरखडली की ते दार नीट मिटतच नाही. अशा वेळी मिस्त्रीचा 'नवे बसवा' हा सल्ला खरा ठरतो.

अकुर्डी, लखनौ आणि कानपूर

आपल्याकडे स्कूटर आली ती याच दोन घराण्यांतून. पन्नाशीच्या दशकात मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी लँब्रेटा जुळवू लागली. साठीच्या दशकाच्या आरंभी बजाज ऑटोने पियाजिओच्या परवान्याखाली व्हेस्पा १५० बनविण्यास प्रारंभ केला आणि अकुर्डीचे नाव घरोघरी पोहोचले. १९७१ मध्ये परवान्याची मुदत संपली. त्याच मूळ रचनेवर १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन 'चेतक' आली. मिलानमध्ये लँब्रेटाचे उत्पादन १९७१ मध्ये थांबले, तेव्हा तिची यंत्रसामग्री भारताने विकत घेतली आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या लखनौच्या स्कूटर्स इंडिया या सरकारी कंपनीतून ती 'विजय' या नावाने पुन्हा जन्माला आली. ऐंशीच्या दशकात कानपूरच्या एलएमएलने पियाजिओशी हातमिळवणी करून नव्या पिढीची व्हेस्पा आणली.

त्या परवाना-राजवटीत स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. परदेशी चलनात पैसे भरणाऱ्याला ती लवकर मिळे. आखातात गेलेल्या वसई-गोव्याच्या अनेक मुलांनी अशा रीतीने घरच्यांसाठी स्कूटर धाडली. ज्या वस्तूसाठी एवढी तपश्चर्या केली ती कोणी सहजासहजी मोडीत काढीत नसे. म्हणूनच आपल्याकडे दुरुस्तीची विद्या फोफावली. सिलिंडरला 'बोअर' मारून मोठ्या मापाचा पिस्टन घालायचा, तोही झिजला की पुन्हा बोअर. अशी दोन-तीन आयुष्ये एकेक इंजिन जगले.

एकाच कुळातील अदलाबदल

१९७७ च्या सुमारास पियाजिओने 'पी' मालिकेच्या स्कूटरी काढल्या. त्यांतील पी २०० ई हिचे इंजिन १९८ सी.सी.चे, सुमारे १२ अश्वशक्तीचे. पॉइंट नाहीत, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, बारा व्होल्टची वीज. युरोप-अमेरिकेतील हौशी लोकांच्या लवकरच ध्यानात आले, की साठीच्या दशकातील व्हेस्पाच्या चौकटीत हे इंजिन थोड्याशा खटपटीने बसते. आडवा बोल्ट तोच, कूळ तेच. तेव्हापासून बाहेरून १९६० ची आणि आतून १९७७ ची अशा कितीतरी स्कूटरी रस्त्यांवर धावल्या. कानपूरच्या एलएमएलचे रीड व्हॉल्वचे इंजिनही पुढे याच कामी आले. ओरखडे पडणारी ती नाजूक पट्टी त्यात नाही, हा त्याचा मोठा गुण.

परंतु 'थोडीशी खटपट' हे शब्द फसवे आहेत. जुन्या चौकटीत आठ इंची चाक होते; नव्या इंजिनासोबत दहा इंची आले की टायर पत्र्याला घासू लागतो. सहा व्होल्टचे दिवे आणि हॉर्न बारा व्होल्टवर जळून जातात, म्हणून सारे वायरिंग बदलावे लागते. १९४६ ते सत्तावन-अठ्ठावनपर्यंतच्या रुंद चौकटीच्या व्हेस्पांत तर हे इंजिन सरळ बसतच नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्रेक. सहा-सात अश्वशक्तीसाठी घडविलेले पुढचे ड्रम दुप्पट ताकदीच्या गाडीला वेळेवर थांबवू शकत नाहीत. पळण्याचा भरवसा वाढवून थांबण्याचा भरवसा गमावणे, हा शहाणपणाचा सौदा नव्हे.

कारखान्यांनी स्वतः काय केले?

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना इंजिन बदलणे पाप वाटते. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. धुरावरचे निर्बंध कडक होत गेले, आपल्याकडे १९९१, १९९६ आणि २००० असे टप्प्याटप्प्याने, तसे कारखान्यांनीच जुन्या कायेत नवी इंजिने घातली. बजाजने १९९८ मध्ये 'लेजंड' ही चार स्ट्रोकची स्कूटर काढली. एलएमएलनेही पुढे जुन्या व्हेस्पाच्या रूपात चार स्ट्रोकचे इंजिन दिले. तरी गिअरच्या स्कूटरचा काळ सरत आला होता. चेतकचे उत्पादन २००५-०६ च्या सुमारास थांबले आणि एलएमएलचा कारखाना २०१८ पर्यंत बंद पडला. दरम्यान २०१२ मध्ये पियाजिओच्या बारामती कारखान्यातून व्हेस्पा भारतात परतली. पत्र्याची काया तीच, पण गिअर नाही आणि इंजिन चार स्ट्रोकचे. २०२० मध्ये बजाजने चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला दिले. जुन्या व्हेस्पा-लँब्रेटांत मोटर आणि बॅटरी बसवून देणारे कारागीर लंडनसारख्या शहरात आज आहेत.

लँब्रेटाची कथा थोडी निराळी. तिचे मूळ घरच मिटले, त्यामुळे ब्रिटनमधील हौशींनी मोटारसायकलींची इंजिनेदेखील तिच्यात कोंबली. त्यासाठी नळीचा सांगाडा कापावा आणि पुन्हा जोडावा लागला. गाडी पळाली, पण मागे परतण्याची वाट बुजली.

मर्यादा कोणती?

येथे कायद्याचेही स्मरण ठेवावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला मनमानीने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितले. इंजिनाचा क्रमांक त्या पत्रात नोंदलेला असतो. तेव्हा मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात जावे, हेच बरे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. दास्कानिओने स्कूटर घडविली ती काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी नव्हे, माणसांना कामावर नेण्यासाठी. तिला चालती ठेवणे हाच तिचा खरा मान होय. म्हणून प्रथम रोग ओळखावा. सील, बेअरिंग, इग्निशन यांनी भागत असेल तर मूळ इंजिनच जगवावे. ते खरोखर संपले असेल तर त्याच कुळातले नवे घ्यावे. मात्र चौकटीला करवत लावू नये. आणि उतरविलेले जुने इंजिन भंगारवाल्याच्या तराजूत न टाकता तेल लावून, गोणपाटात गुंडाळून, त्यावरचा क्रमांक लिहून जपून ठेवावे. ज्या बदलातून मागे परतता येते त्याला दुरुस्ती म्हणावे. ज्यातून परतता येत नाही तो विच्छेद.

नातवाने किक मारली आणि पहिल्याच झटक्यात गाडी सुरू झाली, तर आजोबांना राग येणार नाही. उलट, एवढी वर्षे आपण ती उगाच कलती करीत होतो की काय, असे त्यांना क्षणभर वाटेल, इतकेच!