कापसाची आग आणि चौदा एप्रिल

चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त आपले सारे हिंगोली गाव रस्त्यावर लोटते. त्याच दिवशी देशभरच्या अग्निशमन केंद्रांत लाल बंबांशेजारी जवान रांगेने उभे राहून क्षणभर स्तब्ध होतात, आणि तेथून अग्निसुरक्षेचा सप्ताह सुरू होतो. बंबावर काम करणाऱ्या येथील एका तरुणाला, जो कधी काळी माझ्या वर्गात बसत असे, मी ह्याचे कारण विचारले. "मुंबईत पूर्वी स्फोट झाला होता, गुरुजी," एवढेच तो सांगू शकला. त्यात त्याचा दोष नाही. आम्हीच त्याला ते शिकविले नव्हते.

वास्तविक ती हकीकत आपल्या गावाला सहज कळावी अशी आहे. १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी असलेले हे ठाणे कापसाची पेठ म्हणूनही प्रसिद्ध होते, आणि मुंबईच्या गोदीत त्या दिवशी पेटला तोही कापूसच.

कापसाच्या आगीचा स्वभाव विलक्षण आहे. लाकूड पेटले की ज्वाळा दिसते. दाबून बांधलेली रुईची गाठ मात्र आतल्या आत धुमसत राहते. धाग्यावर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असल्यामुळे पाणी सहजासहजी आत मुरत नाही. वरून गाठ ओलीचिंब दिसते आणि पोटात निखारा जिवंत असतो. म्हणून ती बाहेर ओढून, फोडून, पिंजून विझवावी लागते.

'फोर्ट स्टिकिन' हे जहाज १९४४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडहून निघाले. त्यावर सुमारे १४०० टन दारूगोळा व स्फोटके होती, शिवाय सोन्याच्या विटा. कराचीत त्यावर कापसाच्या हजारो गाठी चढविण्यात आल्या. कापूस आणि दारू एका पोटात भरण्याचा हा उद्योग शांततेच्या काळात कोणी केला नसता. युद्धाच्या घाईत तो झाला. १२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले, आणि १४ तारखेस दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या होल्डमधून, म्हणजे जहाजाच्या पोटातील गुदामातून, धूर निघताना दिसला.

हे ऐकताच माझ्या विद्यार्थ्याने विचारले, "गाठी बाहेर का काढल्या नाहीत?" प्रश्न जाणत्याचा होता. गाठी तळाशी होत्या आणि त्यांच्यावर स्फोटके. आगीचे मूळ नेमके कोठे आहे हेही सापडेना. बंबवाल्यांनी नऊशे टनांहून अधिक पाणी आत सोडले. पाणी चढले तसा जळता कापूस त्याच्यावर तरंगत दारूच्या दिशेने वर सरकला. आसपासचे पाणी उकळू लागले तरी नळ्या हातांत धरून जवान जहाजावर व धक्क्यावर उभेच होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. त्यांचा हादरा दूरवरच्या सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर उमटला. सातशेहून अधिक माणसे मेली. त्यांत मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जवान होते.

ह्यांपैकी कित्येक घोड्यांच्या बंबांची परंपरा सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या हाताखाली तयार झाले असतील. जहाजात काय भरले आहे, हे त्यांतील किती जणांना ठाऊक होते, हा विचार मात्र माझ्या मनातून जात नाही. युद्धकाळात स्फोटकांचा इशारा देणारे लाल निशाण त्या जहाजावर नव्हते.

आणखी एक गोष्ट रेडिओवरून बोलताना सांगितलीच पाहिजे. ह्या स्फोटाची वार्ता जगाला प्रथम दिली ती जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने, १५ एप्रिलला. आपल्याकडील वृत्तपत्रांना ती सविस्तर छापण्याची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. ज्या चाळींतला माणूस कामावरून परतला नव्हता, तेथे ती कोणी सांगावी लागली नव्हती.

जहाजावरील सोन्याचा शोध पुढे कसोशीने झाला. काही विटा १९७० नंतरच्या दशकातही गाळातून वर आल्या. माझ्या विद्यार्थ्याने आपल्या केंद्रातल्या फळ्यावर ६६ हा आकडा खडूने लिहून ठेवला आहे. पुसला गेला की तो पुन्हा लिहितो.