रेव्हरंड टिळक आणि नगरचें मराठी ख्रिस्तीपण

धर्मांतर करणाऱ्या माणसापुढें दोन प्रश्न उभे राहतात. नवा देव कोणता, हा पहिला. आणि जुन्या घराचें काय करावयाचें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर एका दिवसांत देतां येतें; दुसऱ्याचें देतां देतां आयुष्य सरतें. नारायण वामन टिळक यांचें आयुष्य असेंच सरलें, आणि त्याचा मोठा भाग अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, या जिल्ह्यांत गेला.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें, चित्पावन ब्राह्मण कुळांत झाला. संस्कृताचा व्यासंग, कवित्व आणि एका जागीं न रमणारें मन ही त्यांची उपजत संपत्ति. १८९३ सालीं राजनांदगांवच्या आगगाडींत एका अनोळखी युरोपियन प्रवाशानें त्यांच्या हातीं नवा करार ठेविला. येशूचें डोंगरावरील प्रवचन वाचून ते भारावून गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें त्यांचें बिऱ्हाड नगरास आलें.

नगर हें ख्रिस्ती कार्याचें जुनें ठाणें होतें. अमेरिकन मराठी मिशनचे लोक तेथें १८३१ सालींच पोंचले होते. 'ज्ञानोदय' हें मराठी नियतकालिक १८४२ सालीं तेथेंच निघालें. मिस फरार यांच्या तेथील मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, हेंहि प्रसिद्ध आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर खेडोपाडीं महार व मांग समाजांतील अनेक कुटुंबें ख्रिस्ती झालीं. शाळा, दवाखाना आणि माणूस म्हणून मिळणारी वागणूक हा त्यांना मोठाच आधार होता. परंतु त्याबरोबर एक अडचणहि आली. मंडळीचा कारभार मिशनच्या बंगल्यावरून चाले. उपदेशकाचा पगार तेथूनच येई. कित्येक गीतांच्या चाली समुद्रापलीकडच्या असत. त्यामुळें ख्रिस्ती होणें म्हणजे साहेबाच्या पक्षास मिळणें, असा समज शेजाऱ्यापाजाऱ्यांत रुजला.

हा समज टिळकांना फार झोंबला. ख्रिस्त हा स्वतः पूर्वेकडचा. मग त्याच्या भक्तानें आपली भाषा, आपलें गाणें आणि आपला देश कां टाकावा, असा त्यांचा सवाल होता. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. तो सेतु मोडण्याची गरज त्यांना कधीं वाटली नाहीं. त्यांनीं अभंग रचिले, भजनें रचिलीं आणि ख्रिस्तकथेचें कीर्तन केलें. टाळमृदंगाची ही निवड केवळ रसिकतेची नव्हती. अभंग हें नगरच्या खेड्यांतील सर्व जातींच्या ओळखीचें धन होतें. पंढरीच्या वाटेवरील दिंड्यांनीं तें घरोघर पोंचविलें होतें. इंग्रजी चालीवरील गीत शिकून घ्यावें लागे. अभंग शिकवावा लागत नसे.

परंतु श्रद्धेची खरी कसोटी गाण्यांत लागत नाहीं. ती स्वयंपाकघरांत लागते. पतीच्या बाप्तिस्म्याची वार्ता लक्ष्मीबाईंवर वज्राघातासारखी कोसळली. कांहीं वर्षें पतिपत्नी वेगळीं राहिलीं. पुढें त्या मुलासह नगरास आल्या, तरी सोवळें सुटलें नव्हतें. त्यांची चूल निराळी, पाणी निराळें. टिळकांनीं सक्ति केली नाहीं. संतापी स्वभावाच्या त्या माणसानें या एका बाबतींत विलक्षण धीर धरिला. अखेर लक्ष्मीबाईंनीं स्वतःच विचार केला कीं, जाति ईश्वरानें केल्या कीं माणसानें? माणसानें केल्या असतील तर एकाच्या हातचें पाणी चालतें आणि दुसऱ्याचें विटाळतें, याला अर्थ काय? हें उत्तर मनाशीं ठरल्यावर त्यांनीं कोणाच्याहि हातचें अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं झाला. धर्मग्रंथांतील वचन त्यांच्या घरीं असें पाण्याच्या भांड्यांतून आलें.

हा प्रसंग महत्त्वाचा आहे. कारण देशी रूप धारण करण्यांत एक धोका असतो. जुन्या घरांतील गाणें आणावयाचें, तर त्याच दारानें जुना उच्चनीचभावहि आंत येऊं शकतो. ज्या मंडळींत बहुसंख्य माणसें अस्पृश्य म्हणून हिणविलेल्या समाजांतून आलीं होतीं, तेथें या धोक्याकडे डोळेझांक करणें म्हणजे ख्रिस्ताकडेच पाठ फिरविणें होय. काय ठेवावें आणि काय सोडावें, याची निवड टिळक कुटुंबानें केली. अभंग ठेविला, विटाळ सोडला.

टिळकांनीं नगरच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत अध्यापन केलें. १९०४ सालीं त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक होते. त्यांच्या घरीं बालकवि ठोमरे मुलासारखे राहिले. पण मिशनचा पगारी नोकर म्हणून ख्रिस्ताची सेवा करणें त्यांच्या मनाला बोचत राहिलें. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, संन्यास जाहीर केला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन करण्याचा उद्योग आरंभिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. मिशनच्या कित्येक मित्रांना ही उडी अविचाराची वाटली. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळकांचें देहावसान झालें आणि दरबाराची घडी बसण्यापूर्वींच ती विस्कटली.

मग सारें व्यर्थ गेलें काय? संस्था म्हणून पाहतां दरबार टिकला नाहीं, हें खरें. परंतु १९२२ सालीं त्याच नगरांत विन्स्लो या इंग्रज पाद्र्यानें 'ख्रिस्त सेवा संघ' काढला. भारतीय व युरोपीय बंधूंनीं एकत्र, साध्या आश्रमी रीतीनें राहावें हा त्याचा हेतु. पुढें संघाचें ठाणें पुण्यास गेलें. टिळकांचें चरित्र लिहिणारे विन्स्लो ते हेच. इकडे लक्ष्मीबाईंनीं शाळेचें तोंड न पाहतां १९३४ पासून भागाभागांनीं 'स्मृतिचित्रें' दिलीं, आणि मराठी वाङ्मयांत त्यांना अढळ स्थान मिळालें. टिळकांनीं आरंभिलेलें 'ख्रिस्तायन' हें ओवीबद्ध काव्य त्यांनीं पुढें नेलें. त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ सालीं तें छापून निघालें.

मराठी चर्चमधून आजहि टिळकांचीं पदें गाइलीं जातात. गाणाऱ्यांपैकीं पुष्कळांना तीं परधर्मांतून आलेल्या माणसानें रचिलीं आहेत याची आठवणहि नसते. कवीचें यश याहून निराळें काय असावें? पण त्या पदांमागचा दुसरा वारसा अधिक कठीण आहे. देवाचें नांव आपल्या भाषेंत घेणें हें अर्धें काम झालें. शेजाऱ्याच्या हातचें पाणी आनंदानें पिणें हें उरलेलें अर्धें. नगरच्या त्या एका घरानें दोन्ही पुरीं केलीं, आणि दुसऱ्या कामाला अधिक वेळ लागला.